बेरिकला गाडी थांबते, उतरून पाहा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आपल्या रविवारच्या पुरवणीत लंडन ते एडिनबरा या रेल्वेप्रवासावर पानभर लेख आला होता. यॉर्क, डरहॅम, न्यूकॅसल या ठिकाणांबद्दल लेखिकेने मन लावून लिहिले आहे. पुढे बर्विक-अपॉन-ट्वीड, म्हणजेच बेरिक, या गावाच्या वाट्याला मात्र चारच ओळी आल्या. पहिली ओळ अशी, की इथला ट्वीड नदीवरचा रेल्वेपूल ओलांडला की आपण स्कॉटलंडमध्ये पोहोचतो. दुसरी, की हे गाव कागदोपत्री अजूनही रशियाशी युद्धात आहे. आणि उरलेल्या दोन ओळींत म्हटले होते, की पुलावरून नदीचा फोटो घेतला की पुरे, गावात पाहण्यासारखे फारसे नाही. पहिल्या दोन गोष्टी चुकीच्या आहेत. तिसरी वाचून मला वाईट वाटले, आणि त्यासाठीच हे पत्र लिहीत आहे. पत्र लांबले आहे. सगळे छापता आले नाही तरी चालेल, पण आपण आणि लेखिकेने ते पूर्ण वाचावे अशी विनंती आहे.

मी मध्य रेल्वेच्या पूल खात्यात ३१ वर्षे काम केले. त्यातला बराचसा काळ कर्जत ते लोणावळा या घाट सेक्शनमध्ये गेला. धाकटी लेक लग्नानंतर न्यूकॅसलला स्थायिक झाली. तिच्याकडे तीनदा जाणे झाले आणि तिन्ही वेळा आम्ही बेरिकला गेलो. पहिल्यांदा सकाळी जाऊन संध्याकाळी परतलो, शेवटच्या खेपेला सौ.सह चार दिवस मुक्काम केला.

आधी नावाबद्दल. स्पेलिंगमध्ये ‘डब्ल्यू’ असला तरी तो उच्चारायचा नसतो. तिथले लोक ‘बेरिक’ म्हणतात. ठाण्याचे ‘टाना’ आणि वसईचे ‘बॅसिन’ झालेले आपण कागदपत्रांत पाहिलेले आहे. गावाचे नाव गावकरी घेतात तसेच आपण घ्यावे. मी पुढे बेरिक असेच लिहितो.

बेरिक इंग्लंडमध्ये आहे, नॉर्थम्बरलंड परगण्यात, आणि इंग्लंडचे ते सगळ्यांत उत्तरेकडचे शहर आहे. घोटाळा होतो तो पुलाच्या नावामुळे. त्याचे नाव रॉयल बॉर्डर ब्रिज. शिवाय ट्वीड नदी वरच्या अंगाला काही अंतर खरोखरच दोन देशांची हद्द आहे. परंतु समुद्राला मिळण्याआधीचे शेवटचे काही मैल नदीचे दोन्ही काठ इंग्लंडचेच आहेत. हद्द गावाच्या उत्तरेला सुमारे तीन मैलांवर लागते. स्टेशन सोडून गाडी समुद्राच्या कड्याने धावू लागली की थोड्या वेळाने रुळांशेजारी सीमेची पाटी दिसते. लेखिकेने नेमक्या त्या वेळी कॅमेरा पिशवीत ठेवला असावा.

मात्र हे गाव कायमच इंग्लंडचे होते असे नाही. १४८२ मध्ये ते इंग्लंडकडे आले ते शेवटचे. त्याआधी स्कॉटलंड आणि इंग्लंड यांच्यात त्याची १३ वेळा अदलाबदल झाली असे तिथे सांगतात. मध्ययुगात बेरिक हे स्कॉटलंडचे भरभराटीचे बंदर होते, लोकर आणि कातडी इथून परदेशी जात. आजही नदीच्या उत्तरेकडच्या स्कॉटिश परगण्याचे नाव बेरिकशर आहे. ज्या गावावरून परगण्याला नाव मिळाले ते गाव मात्र परक्या देशात राहिले. जावयांनी आणखी एक गोष्ट सांगितली. बेरिक रेंजर्स हा गावचा फुटबॉल संघ इंग्लंडमधला असूनही स्कॉटलंडच्या स्पर्धांत खेळतो. २८ जानेवारी १९६७ रोजी या छोट्या संघाने स्कॉटिश चषकात ग्लासगोच्या बलाढ्य रेंजर्सना १-० असे हरवले. चहाच्या दुकानात शेजारच्या टेबलावर बसलेल्या एका आजोबांना जावयांनी त्या सामन्याबद्दल विचारले, तर त्यांनी कप बाजूला ठेवून दोन्ही हातांनी टेबलावर मैदान आखून तो गोल कसा झाला ते दाखवले.

रशियाची गोष्ट अशी सांगितली जाते, की क्रिमियन युद्धाच्या घोषणेत बेरिकचा वेगळा उल्लेख होता आणि १८५६ च्या पॅरिस तहात तो राहून गेला, म्हणून युद्ध चालूच आहे. गोष्ट ऐकायला चांगली आहे, पण खरी नाही. तहात बेरिकचे नाव नाही हे बरोबर, परंतु युद्धाच्या घोषणेतही ते नव्हते. आणि १७४६ च्या कायद्यानेच ठरवून टाकले होते, की कायद्यात इंग्लंड म्हटले की त्यात बेरिक आले. वर्तमानपत्रात छापून आलेली गोष्ट पुढची पन्नास वर्षे लोक खरी धरतात, म्हणून ही दुरुस्ती जरूर छापावी.

आता स्टेशनबद्दल. लेखिका गाडीत बसून राहिल्या आणि जे त्यांच्या खिडकीपासून हातभर अंतरावर होते तेच त्यांच्या नजरेतून सुटले.

बेरिकच्या स्टेशनात एक पाटी आहे. तिच्यावर लिहिले आहे, की हे स्टेशन बेरिकच्या किल्ल्यातल्या मोठ्या दिवाणखान्याच्या जागेवर उभे आहे. याच ठिकाणी १७ नोव्हेंबर १२९२ रोजी स्कॉटलंडच्या गादीवरचा रॉबर्ट ब्रूस यांचा हक्क नाकारून इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने जॉन बॅलिऑल याच्या बाजूने निकाल दिला. ज्याने पुढे स्कॉटलंड स्वतंत्र केले तो ब्रूस या दावेदाराचा नातू. म्हणजे ज्या फलाटावर आज लोक हातात कॉफी घेऊन लंडनच्या गाडीची वाट पाहतात, तिथे एका देशाचा राजा कोण हे दुसऱ्या देशाच्या राजाने ठरवले होते. आणि तो राजा स्वतःच निवडला असूनही चार वर्षांत, मार्च १२९६ मध्ये, एडवर्डने बेरिकवर चढाई करून हजारो गावकऱ्यांची कत्तल केली. पुढे १३०६ मध्ये ब्रूसच्या मस्तकावर मुकुट ठेवणाऱ्या बुकनच्या काउंटेस इसाबेला यांना याच किल्ल्यावर लाकूड आणि लोखंडाच्या पिंजऱ्यात कोंडले होते. सुमारे चार वर्षे. सौ. हे ऐकून बाकावर बसली, ती बराच वेळ उठली नाही.

हा किल्ला शत्रूने पाडला नाही. तो निकामी होऊन पडीक झालेला होताच, लोक त्याचे दगड नेत होते, गावातल्या चर्चसाठीही ते वापरले गेले. उरलेसुरले जे होते ते १८४० च्या दशकात नॉर्थ ब्रिटिश रेल्वेने स्टेशनासाठी काढून टाकले. एडिनबराहून आलेली लाइन १८४६ मध्ये इथवर पोहोचली. मी रेल्वेचा माणूस आहे. रेल्वेने काय काय बांधले ते अभिमानाने सांगत आलो, पण पहिल्या खेपेला त्या पाटीसमोर उभा असताना रेल्वेने काय पाडले याचा विचार मनात आला, तो अजून जात नाही. सगळीकडे नवी लाइन टाकताना हे होते. चढ टाळायचा, वळण टाळायचे, सरळ जागा हवी, आणि सरळ जागेवर नेमके जुने काहीतरी असते. बेरिकच्या लोकांनी निदान पाटी लावून ते उघडपणे मांडले आहे.

किल्ल्याचे काहीच उरले नाही असेही नाही. स्टेशनच्या मागून नदीकडे उतरणारी वाट घ्यावी. तिथे किल्ल्याची एक भिंत टेकडीच्या अंगावरून थेट पाण्याच्या दिशेने उतरत जाते. तिला व्हाइट वॉल म्हणतात, आणि तिच्या बाजूच्या पायऱ्यांचे नाव ब्रेकनेक स्टेअर्स, म्हणजे मान मोडणाऱ्या पायऱ्या. नाव बरोबर आहे. आपल्या लोहगडावर किंवा हरिश्चंद्रगडावर चढलेल्या कोणालाही ती उतरंड पाहिली की पटेल. ही भिंत त्याच एडवर्डने गाव घेतल्यावर बांधून घेतली.

भिंतीच्या पायथ्याशी आलात की डोक्यावर रॉयल बॉर्डर ब्रिज. गाडीतून त्याचा अंदाजच येत नाही, कारण आपण त्याच्या पाठीवर असतो. पूल खालून पाहावा लागतो, हे आमच्या खात्यात नव्या पोरांना पहिल्या दिवशी सांगतात.

त्याला २८ कमानी आहेत, सगळ्या अर्धगोल. लांबी सुमारे ६५९ मीटर, आणि नदीच्या पाण्यापासून उंची ३७ मीटरच्या आसपास. खांब दगडाचे आहेत, कमानींची पोटे विटांची. सगळ्या कमानी एकसारख्या दिसतात, परंतु मधोमध एक खांब इतरांपेक्षा स्पष्टपणे जाड आहे. तो शोभेसाठी नाही. कमानींच्या पुलात प्रत्येक कमान शेजारच्या कमानीला रेटून उभी असते. एक पडली तर तो रेटा सुटतो आणि पत्त्यांसारख्या एकामागून एक सगळ्या जाऊ शकतात. म्हणून मध्ये एक असा खांब ठेवतात, की जो एका बाजूचा रेटा एकट्याने सोसू शकेल. मी नातवाला तो खांब शोधायला लावला. त्याने मोजत मोजत शोधला, तेव्हा मला फार समाधान वाटले.

हा पूल रॉबर्ट स्टीफन्सन यांनी बांधला. न्यूकॅसलमध्ये टाइन नदीवर १८४९ चा त्यांचाच हाय लेव्हल ब्रिज आहे, लेकीच्या घरून येताना त्याच्यावरून जाता येते. बेरिकचे काम १८४७ मध्ये सुरू झाले. ट्वीडमध्ये इथे भरती-ओहोटी आहे आणि प्रवाहाला ओढही आहे. पायासाठी लाकडी खुंट ठोकायला तेव्हा नवाच निघालेला जेम्स नॅस्मिथ यांचा वाफेचा घण वापरला. पूल होईपर्यंत लंडनहून येणारी लाइन दक्षिण काठावर ट्वीडमाउथला संपत असे आणि उतारूंना जुन्या दगडी पुलावरून घोडागाडीने पलीकडे नेऊन एडिनबराच्या गाडीत बसवत. मग तात्पुरता लाकडी पूल आला, आणि २९ ऑगस्ट १८५० रोजी राणी व्हिक्टोरियाने या पुलाचे उद्घाटन केले. त्या दिवसापासून लंडन आणि एडिनबरा पक्क्या पुलांवरून एका अखंड लोखंडी रेषेने जोडले गेले.

इथे आपल्या वाचकांसाठी एक धागा आहे आणि तो मूळ लेखात यायला हवा होता. आपल्या जीआयपी रेल्वेचे, म्हणजे बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी चालवणाऱ्या कंपनीचे, सल्लागार इंजिनियर हेच रॉबर्ट स्टीफन्सन. त्यांच्या हाताखाली तयार झालेले जेम्स जॉन बर्कले १८५० च्या सुरुवातीला जीआयपीचे मुख्य इंजिनियर म्हणून मुंबईत उतरले. म्हणजे बेरिकच्या शेवटच्या कमानी चढत होत्या त्याच वर्षी. ठाण्यापर्यंतची लाइन, थळ आणि भोर हे दोन्ही घाट ही बर्कले यांची कामे. भोर घाट १८६३ मध्ये उघडला, ते पाहायला बर्कले राहिले नाहीत, आदल्याच वर्षी गेले. दुसरे नाव जॉर्ज बार्कले ब्रूस यांचे. बेरिकच्या कामावर रोज उभे राहून देखरेख करणारे इंजिनियर ते होते. तिथले काम आटोपल्यावर तेही हिंदुस्थानात आले, आधी कलकत्त्याच्या बाजूला आणि मग मद्रास रेल्वेचे मुख्य इंजिनियर म्हणून.

मी पुलाखाली उभा राहून खांबाच्या दगडाला हात लावला. घडीव चिरे, समोरची बाजू मुद्दाम खडबडीत सोडलेली, दरजा बारीक आणि घट्ट. घाटातल्या आमच्या जुन्या पुलांवर मी अशाच दरजांवरून वर्षानुवर्षे बोट फिरवले आहे. दगडी पुलाचा शत्रू पाणी. वरून झिरपले की चुना विरघळतो आणि कमानीच्या पोटावर पांढरे ओघळ दिसू लागतात. ते दिसतात का ते मी इथेही मान वर करून शोधत होतो. लेक म्हणाली, ‘बाबा, इथे तुम्ही ड्युटीवर नाही.’ पण पुलावर पहिली गाडी गेली त्याला पावणेदोनशे वर्षे होऊन गेली, आज वीजगाड्या त्याच कमानींवरून धावतात, आणि ज्यांनी तो उभारला त्यांच्याच माणसांनी आखलेल्या घाटाने माझे घर चालवले. मला तरी तिथे ड्युटीवर असल्यासारखेच वाटले.

याच्या खालच्या अंगाला आणखी दोन पूल आहेत. सर्वांत जुना, लालसर दगडाचा, १५ कमानींचा. स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स १६०३ मध्ये इंग्लंडची गादी घ्यायला लंडनकडे निघाला तेव्हा इथे लाकडी पूल होता आणि तो डळमळत होता. पुढे त्याच्याच आज्ञेने दगडी पुलाचे काम निघाले आणि १६२४ मध्ये पूल वाहतुकीला खुला झाला. हा पूल मधोमध उंच नाही. सर्वांत उंच कमान बेरिकच्या काठाकडून दुसरी आहे, कारण खोल पाणी त्या बाजूला होते आणि गलबतांची वाट तीच होती. तिथून तो ट्वीडमाउथकडे हळूहळू उतरत जातो. नदी कुठे खोल आहे हे पुलाकडे पाहून कळते. अजून त्यावरून गाड्या जातात. आम्ही तो रोज सकाळी चालत ओलांडत असू. तिसरा रॉयल ट्वीड ब्रिज, १९२८ चा, काँक्रीटचा, चार कमानींचा, आणि प्रत्येक कमान आधीच्यापेक्षा मोठी. तो पूल मला फारसा आवडला नाही. परंतु संध्याकाळी तिन्ही पूल एका ओळीत पाण्यात दिसतात, तेव्हा तोही हवा असे वाटते.

आता तटबंदी. किल्ल्यांवर प्रेम करणाऱ्या मराठी माणसाने केवळ तिच्यासाठी बेरिकला उतरावे. गावाभोवतीच्या तटावरून पूर्ण फेरी मारता येते, सव्वा मैलाची. सावकाश चाललो तरी आम्हाला दीड तास लागला, कारण सौ. प्रत्येक बुरुजावर थांबून समुद्र पाहत होती. हा तट १५५८ मध्ये सुरू झाला. त्या वर्षी जानेवारीत इंग्रजांनी फ्रान्समधले कॅले गमावले होते आणि स्कॉटलंडमध्ये फ्रेंच फौजा होत्या, त्यामुळे उत्तरेची भीती होती. इंजिनियर सर रिचर्ड ली यांनी इटालियन पद्धतीचा आराखडा केला. उंच, पातळ भिंती तोफांपुढे टिकत नाहीत हे तोवर कळले होते. म्हणून भिंत बुटकी आणि जाड, आत मातीचा भराव, आणि बाहेर आलेले बुरूज बाणाच्या टोकाच्या आकाराचे. बुरुजाच्या बगलेत तोफा लपवलेल्या, त्या शेजारच्या बुरुजाच्या तोंडासमोरची जमीन झोडपतात, त्यामुळे भिंतीच्या पायथ्याशी शत्रूला लपायला जागाच राहत नाही. आपल्याकडे राजगडाचे किंवा रायगडाचे बुरूज गोल, डोंगराच्या कड्याला धरून बांधलेले. डोंगरच आपला तट. बाणाच्या टोकाचे बुरूज पाहायचे तर वसईला जावे लागते, पोर्तुगीजांनी ते त्याच युरोपीय शास्त्राने बांधले. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेताना सुरुंग लावून तट का फोडावा लागला, ते मला बेरिकच्या ब्रास बॅस्टियनवर उभे राहिल्यावर नीट समजले. बाकीच्या बुरुजांची नावे मेग्ज माउंट, कंबरलंड, विंडमिल, किंग्ज माउंट. या कामाला सुमारे १ लाख २८ हजार पौंड खर्च आला. एलिझाबेथ राणीच्या सबंध कारकिर्दीत दुसऱ्या कोणत्याही बांधकामावर इतका पैसा गेला नाही. आणि या तटावर कधी हल्ला झालाच नाही. १६०३ मध्ये दोन्ही देशांचा राजाच एक झाला.

आज त्या तटावर गवत आहे, बाळगाड्या ढकलणाऱ्या आया आहेत, कुत्री आहेत. कुठे प्लास्टिक नाही, भिंतीवर बदाम काढून नावे कोरलेली नाहीत. तटाच्या आत, अगदी लागून, लोकांची घरे आणि बागा आहेत. लोक तटाबरोबर राहतात, म्हणून तट राहिला आहे.

गावातल्या इतर गोष्टी थोडक्यात सांगतो. होली ट्रिनिटी चर्च १६५० ते १६५२ या काळात, म्हणजे राजा नसलेल्या क्रॉमवेलच्या अमदानीत बांधले गेले. त्या काळात इंग्लंडमध्ये नवी चर्चे फारच थोडी उभी राहिली. त्याला मनोरा नाही, घंटा नाही. प्रार्थनेची घंटा वाजते ती हमरस्त्यावरच्या अठराव्या शतकातल्या टाउन हॉलच्या मनोऱ्यातून, आणि त्याच टाउन हॉलच्या वरच्या मजल्यावर गावचा तुरुंग होता. तुरुंगाच्या खोल्या आता पाहता येतात. रात्री आठला तिथली घंटा वाजते, पूर्वीच्या संचारबंदीची. आम्ही मुक्कामाला होतो तेव्हा ती ऐकू आली की सौ. देवाला हात जोडत असे. सैनिकांच्या बराकी १७१७ ते १७२१ मधल्या. त्याआधी फौजेची माणसे गावकऱ्यांच्या घरात राहायला घालत, आणि त्या जाचातून गाव सुटावे म्हणून मुद्दाम बराकी बांधल्या. चित्रकार एल. एस. लाउरी सुट्टीला वारंवार इथे येत. त्यांनी रंगवलेल्या अनेक जागी त्या त्या चित्राची पाटी उभी केली आहे, आणि पाटी व प्रत्यक्ष दृश्य शेजारी शेजारी पाहता येते.

आणि सामन मासा. ट्वीड ही सामनची नदी. अठराव्या शतकाच्या अखेरीस बर्फात भरून सामन लंडनला पाठवायची युक्ती निघाली आणि बेरिकचे दिवस पालटले. हिवाळ्यात तळ्यांवरचे बर्फ काढून जमिनीत खोदलेल्या जाड भिंतींच्या बर्फघरांत साठवायचे, ते उन्हाळ्यापर्यंत टिके. मग पेट्यांत मासा आणि बर्फ भरून स्मॅक नावाच्या वेगवान शिडाच्या जहाजांनी लंडन गाठायचे. बँकहिलवर एक बर्फघर आहे. मासे धरण्याची पद्धत अशी, की कोबल नावाच्या सपाट तळाच्या होडीतून जाळे अर्धवर्तुळात टाकत जायचे आणि काठावरून दोन्ही टोके ओढायची. आपल्या कोकणात रापण ओढतात तशीच. आता ही मासेमारी जवळजवळ थांबली आहे. पिढ्यान् पिढ्या जाळे ओढणाऱ्या घरातले एक गृहस्थ धक्क्यावर भेटले. त्यांनी मला जाळे ओढताना पाय कसे रोवतात ते दाखवले आणि मी त्यांना रापणीचे वर्णन केले. त्यांनी विचारले, ‘तुमच्याकडे मुलगे अजून ओढतात का?’ मी म्हणालो, काही गावांत ओढतात. ते बराच वेळ नदीकडे पाहत राहिले. नदीत राजहंस होते, शे-दीडशे तरी असतील. मुखाजवळ त्यांची मोठी वस्ती आहे.

लेखिकेला आणि आपल्या वाचकांना आता एवढेच सांगायचे आहे. न्यूकॅसलहून किंवा एडिनबराहून बेरिक रेल्वेने साधारण पाऊण तासावर आहे. लंडन-एडिनबरा मार्गावरच्या बऱ्याच गाड्या इथे थांबतात, सगळ्या नाही, म्हणून तिकीट काढताना विचारून घ्यावे. उत्तरेकडे जाताना उजव्या हाताची खिडकी धरावी, पुलावरून बाकीचे दोन पूल आणि नदीचे मुख त्याच बाजूला दिसते. मग स्टेशनवर उतरावे, पाटी वाचावी, मागच्या वाटेने नदीवर जाऊन पूल खालून पाहावा, आणि नदीकाठाने चालत गावात येऊन तटावर चढावे. सामान हलके असू द्यावे, ब्रेकनेक पायऱ्यांच्या बाजूचा उतार तीव्र आहे, आणि गुडघे दुखत असतील तर उलट दिशेने, म्हणजे आधी गावातून तटावर आणि मग सपाट काठाने पुलाखाली, असे जावे. सौ.ने तसेच केले.

येत्या रविवारी दोन दुरुस्त्या छापाव्यात: सीमा पुलावर नसून गावाच्या उत्तरेला तीन मैलांवर आहे, आणि रशियाशी युद्धाची गोष्ट खरी नाही. त्यात गावाचे नाव बेरिक असे छापावे, ही विनंती.

आपला,
पूल खात्यातला एक निवृत्त कर्मचारी,
कर्जत (जि. रायगड)